वादळाचं चित्र आणि चरबीचा दिवस

नोव्हेंबरात डुक्कर कापलं की दुसऱ्या दिवशी आम्ही ते पुढच्या खोलीत शिडीला टांगतो, पोट उघडं ठेवून, आणि घराचं दार सताड उघडं टाकतो. मग गावातलं कोणीही येतं, चरबीवर बोटं ठेवतं, काय जाडी, काय पांढरी, असे चार शब्द बोलतं आणि बिअरचा पेला रिकामा करून जातं. आमच्या टेसेल बेटावर याला चरबीचा दिवस म्हणतात. त्याचे नियम दोनच. कौतुक करायला जो येईल त्याला दारातून परत पाठवायचं नाही, मग तो कोणी का असेना. आणि त्या दिवशी त्या घरातल्या कशालाही नावं ठेवायची नाहीत. जो ठेवेल त्याने एप्रन बांधून स्वयंपाकघरात बायकांबरोबर सॉसेजसाठी आतड्यांत मांस भरायला बसायचं. बाल्टिक समुद्राच्या लाटांना न घाबरणारे आमचे कप्तान त्या एप्रनला भयंकर घाबरतात, त्यामुळे वर्षातून एक दिवस तरी गावात गोड बोलणं ऐकायला मिळतं.

त्या वर्षी आमचं डुक्कर असं माजलं होतं की शिडीच्या दोन पायऱ्या आधी बांधून घ्याव्या लागल्या. त्याच दिवशी योस्टचं चित्रही उघडायचं ठरलं होतं. ही कल्पना आईची. पण आमच्या घरात आईच्या कल्पना बाबांना सुचतात, त्यामुळे आठवडाभर बाबा ज्याला त्याला सांगत होते की मी म्हटलं, सगळे जमणारच आहेत तर उरकूनच टाकू.

हा योस्ट म्हणजे हार्लेमचा चित्रकार. वसंतात आमच्या बंदरातली जहाजं रेखाटायला म्हणून आला आणि माझी मोठी बहीण नेल हिला बघून जहाजं रेखाटायची विसरला. माणूस चांगला, पण होडीत पाय ठेवला की चेहरा ताकासारखा व्हायचा. बाबा त्याला रंगाऱ्या म्हणायचे. जून महिन्यात त्याने हिय्या करून नेलचा हात मागितला तेव्हा बाबांनी आधी पाइप विझेपर्यंत ओढला. मग म्हणाले, "माझं वादळ काढ. मी सांगतो तसं. या भिंतीवर ते शोभलं तर मुलगी तुझी. नाही शोभलं तर पहिल्या होडीने हार्लेमला."

बाबांचं वादळ बेटावर सगळ्यांना पाठ होतं. ज्या हिवाळ्यात मी अजून आईचं बोट धरून चालत होते, त्या हिवाळ्यातली ती गोष्ट. बाबांचं 'सोनेरी हेरिंग' आणि सिब्रांटकाकाचं नवंकोरं 'पांढरी मेंढी', दोन्ही आमच्या बेटासमोर नांगर टाकून अनुकूल वाऱ्याची वाट बघत होती. दिवसाढवळ्या बर्फाचं वादळ आलं. बाबा सांगायचे ते असं: माझे दोन्ही नांगर खडकासारखे उभे राहिले, जहाज एक हातभर हललं नाही. सिब्रांट मात्र घाबरला, त्याने नांगराचा दोर कुऱ्हाडीने तोडला आणि सख्ख्या भावाला टाकून पळाला. पळून गेला कुठे, तर वाळूच्या दांड्यावर. माणसं वाचली, जहाजाच्या फळ्या झाल्या.

काका सांगायचा ते एवढंच: "दादाचे नांगर घसरले. त्याचं जहाज माझ्या अंगावर येत होतं. मी दोर तोडला नसता तर दोघंही गेलो असतो."

आता कप्तानाला चोर म्हणा, दारुडा म्हणा, तो एखादे वेळी हसेल. त्याचे नांगर घसरले म्हणा, तो घराण्याशी बोलणं सोडेल. बाबांनी तेच केलं. एका ताटात जेवलेले हे दोघे भाऊ समुद्राच्या बांधावर समोरासमोर आले की एक जण मेंढ्यांच्या बाजूने खाली उतरायचा. काकाला पुन्हा कोणी जहाज दिलं नाही. तो बेटावरच्याच हॉर्न गावात राहून दुसऱ्यांची जहाजं खाडीतून बाहेर काढून देत होता. घरातही दोन पक्ष पडले होते. लिस्बेत आत्या, म्हणजे या दोघांची थोरली बहीण, बाबांच्या बाजूची. माझा भाऊ लेंडर्ट बाबांच्याच जहाजावर काम करायचा, तेव्हा तो कोणाच्या बाजूचा हे त्याला विचारायचीही सोय नव्हती. आणि आई कोणाच्याच बाजूने बोलायची नाही. उठून बटाट्यांकडे, नाही, तेव्हा आमच्याकडे सलगमच असायचे, सलगमांकडे बघायची.

चरबीच्या दिवशी सकाळी नेलताई वर माळ्यावर गेली. योस्टने सगळा शरद ऋतू त्या माळ्यावर काढला होता. उत्तरेच्या खिडकीखाली चित्र, त्यावर चादर आणि सगळ्या घराला जवसाच्या तेलाचा वास. चादरीखाली डोकावायची कोणाला परवानगी नव्हती, बाबांनासुद्धा नाही, आणि बाबांनी ते चक्क पाळलं होतं. पुढे जे झालं ते मला ताईनेच कितीदा तरी सांगितलंय. तिने विचारलं, बाबा म्हणाले तसंच काढलंयस ना? तो ब्रश पुसत राहिला. तिने पुन्हा विचारलं.

"मी वादळ काढलंय, नेल."

"योस्ट, मी तुला चित्राचं विचारत नाही. माझं काय होणार ते विचारतेय."

यावर त्याने तिचा हात धरला. त्याच्या हाताला निळा रंग होता, तो तिच्या मनगटाला लागला, आणि तो घासून काढता काढता तिला कळून चुकलं की या माणसाने काहीतरी घोळ घातलेला आहे. ती खाली आली ती तोंड पाडूनच. मला म्हणाली, हिल्ला, माझ्या लग्नाचा निकाल आज डुकराशेजारी लागणार. मी तिला हसवायचा प्रयत्न केला, म्हटलं निदान साक्षीदार तरी गुटगुटीत आहे. ती हसली नाही.

दुपारपर्यंत घर भरलं. शेजारीपाजारी आले, चरबीला हात लावून गेले. लिस्बेत आत्या आपल्या ठेवणीतल्या काळ्या झग्यात येऊन सगळ्यात चांगल्या खुर्चीत बसली. तिला योस्ट पसंत नव्हता. होडीत ओकणारा जावई या घराण्यात झाला नाही, हे तिने मला दोनदा ऐकवलं, पण हळू आवाजात, एप्रनच्या भीतीने. लेंडर्टदादाला योस्ट आवडायचा, पण बाबांना जो आवडणार नाही तो आपल्याला आवडू नये अशी त्याने स्वतःला सवय लावली होती. बाबा मात्र जोरात होते. पेला हातात, पाठ शेकोटीला, आणि येईल त्याला ते आपले नांगर चित्रात कुठे दिसतील ते समजावून सांगत होते.

तेवढ्यात उघड्या दारात सिब्रांटकाका उभा राहिला.

कोट झाडलेला, दाढी केलेली, हातात मेंढीच्या दुधाच्या चीजचा हिरवा गोळा.  काकाने कोणाकडे न बघता डुकराकडे बघितलं आणि शाळेत पाठ म्हणावा तसं म्हणाला, "चरबीचं कौतुक करायला आलोय."

आत्या खुर्चीतून अर्धी उठली. लेंडर्टदादा बाबांकडे बघायला लागला, आता काय करायचं ते सांगा या चेहऱ्याने. बाबांचा चेहरा असा झाला होता की त्यांना शिंक येतेय आणि ती येत नाहीये. नियम तर नियम. त्या दिवशी दार अडवलं तर घराची चरबी वितळते असं गाव मानतं, आणि गाव खोलीत उभंच होतं. बाबा बाजूला सरकले. हातभरच सरकले, पण सरकले. काका आत आला, चरबीवर दोन बोटं ठेवली, आणि म्हणाला की एवढी जाडी आमच्या वडिलांच्या घरीही पाहिली नव्हती. हे खरंच होतं, त्यामुळे बाबांना मान हलवावी लागली. आईने काकाच्या हातातून चीज घेतलं आणि बिअरचा पेला दिला. पेला आधीच भरून ठेवलेला होता. तो मी बघितला आणि आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं नाही.

आता या बिलंदर बाईच्या मनात काय चाललं होतं ते सांगते, कारण ते तिने नंतर कबूल केलंय. काकाला निरोप तिनेच धाडला होता. तिला भीती वाटत होती आणि मजाही वाटत होती. भीती नेलची. चित्र बघून नवरा भडकला तर पोरीचं नशीब फिरेल, हे तिला ठाऊक होतं. पण या दोन भावांना एका खोलीत, चार माणसांत, तोंडाला कुलूप लावून उभं करायचं तर वर्षात हा एकच दिवस, हेही तिला ठाऊक होतं. पदरात एवढंच होतं, म्हणून तिने दोन्ही गोष्टी एकाच दिवशी केल्या.

बाबांना तर आता चित्र उघडायची अधिकच घाई झाली. चोर आयता घरात आलाय, त्याला त्याची चोरी भिंतीवर दाखवतो, हे त्यांच्या कपाळावर लिहिलेलं होतं. लेंडर्टदादा आणि योस्टने चित्र माळ्यावरून उतरवलं. जिन्याच्या वळणावर ते अडकलं, तेव्हा योस्टचा जीव असा वरखाली झाला की बघवेना. मग ते शेकोटीच्या समोर, डुकराच्या शेजारी खुर्चीवर उभं केलं. नेलताई खिडकीपाशी, सगळ्यांपासून लांब उभी राहिली.

योस्टने चादर ओढली.

पहिल्यांदा दिसलं ते पाणी. हिरवट काळं, तुटलेलं, फेसाचं पाणी. त्यावर एवढं मोठं आभाळ की चित्राचा अर्ध्याहून अधिक भाग त्यानेच खाल्लेला. खाली कोपऱ्यात आमच्या बांधाच्या लाकडी मेखा, ओल्या. तिथून नजर आत जात होती. मी एकदम दोन पावलं मागे सरले, खरंच सांगते, मला वाटलं झग्याची किनार भिजली. एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने टोपी काढली. आमच्या गावात चित्रं घरोघर आहेत, पण हे बघताना नाकात मिठाचा वास आला.

आणि मग सगळ्यांना जहाजं दिसली.

आमच्याकडे जहाजाचं चित्र कोणी नुसतं बघत नाही, वाचतो. वारा कुठून, भरती की ओहोटी, दोर किती ताणलाय. क्षणभरात खोलीतल्या प्रत्येकाने ते वाचलं. 'सोनेरी हेरिंग'चे दोर ताणलेले होते, पण जहाजाचं नाक एका बाजूला पडलं होतं आणि सगळं धूड आडवं होत मागे, 'पांढरी मेंढी'च्या अंगावर चाललं होतं. दोघांमध्ये एक लाट मावेल एवढीच जागा. आणि 'मेंढी'च्या नाकावर एक माणूस, तपकिरी कोट, तपकिरी टोपी, दोन्ही हातांनी कुऱ्हाड डोक्यावर उचललेला.

"हेरिंग घसरतंय," लेंडर्टदादा म्हणाला. त्याला म्हणायचं नव्हतं. कप्तानाचा पोरगा, तोंडातून निघून गेलं.

लिस्बेत आत्या ताडकन उठली. तिने सांगून टाकलं की हे चित्र खोटं आहे, हा हार्लेमचा माणूस आमच्या घरचं खाऊन आमच्याच तोंडाला काळं फासतोय, आणि समुद्रसुद्धा फार हिरवा आहे. ती बोलत होती तोवर आईने शांतपणे खुंटीवरचा एप्रन काढला आणि तिच्या हातात दिला. आत्याने एप्रनकडे बघितलं, मग गावाकडे बघितलं, आणि तणतणत स्वयंपाकघरात गेली. दोघं तिघं हसले.

बाबा हलले नव्हते. पेला तसाच हातात.

नेलताईचं काय झालं असेल. तिला त्या क्षणी योस्टचा इतका राग आला होता की ते सुंदर आभाळ फाडून टाकावंसं वाटलं. एवढं सोपं होतं. दोन जहाजं जराशी लांब काढायची, कुऱ्हाडीच्या माणसाला पाठमोरा पळवायचा, आणि वसंतात लग्न. ती सरळ त्याच्यासमोर गेली आणि विचारलं की का केलंस असं.  तो म्हणाला, "मग मला जन्मभर त्या भिंतीखाली बसून जेवावं लागलं असतं, नेल. तुझ्या बाबांसमोर, तुझ्या काकाच्या रिकाम्या खुर्चीशेजारी. तुझ्या ताटातलं घेऊन. मला घास गेला नसता."

 ताई वळली, त्याच्या शेजारी उभी राहिली, आणि त्याच्या बाहीला घट्ट धरून बाबांकडे बघायला लागली. काय व्हायचं ते दोघांचं होऊ दे, असं. मला माझ्या बहिणीचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

शेवटी बाबा बोलले. आवाज चढवला नाही, तेच जास्त भीतीचं होतं.

"हे तुला कोणी सांगितलं?"

योस्टने मान खाली घातली. बाबा काकाकडे वळले, पण काकाचाच चेहरा पांढराफटक पडला होता. तो चित्राला नाक लावून बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो योस्टशी जन्मात कधी एक शब्द बोललेला नव्हता, हे त्याच्याकडे बघून कोणालाही कळलं असतं.

"मी सांगितलं," आई म्हणाली.

तिने ओले हात पुसले आणि पुढे आली. म्हणाली, योस्ट तिच्या स्वयंपाकघरात बसून विचारायचा, काकू, त्या दिवशी कसं दिसत होतं? तिला आधी प्रश्नच कळेना, कारण ते तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. वादळ जहाजावरच्या माणसांचं, ते बायकांना सांगायचं, बायकांकडून ऐकायचं नाही. पण गावातल्या सगळ्या बायका त्या दिवशी बांधावर होत्या. डेकवरच्या माणसाला आपलं जहाज घसरतंय हे कळत नाही, त्यातून बर्फात तर नाहीच. त्याला वाटतं समोरचाच माझ्याकडे येतोय. घसरणं दिसतं ते किनाऱ्यावरून. योस्टने कोळशाने टेबलावर रेघा मारल्या आणि तिने त्या खोडून दाखवल्या, इथे नाही, इथे, अजून जवळ.

"मग आजवर बोलली का नाहीस?" बाबांनी विचारलं.

"एकदा बोलायला गेले होते. तुम्ही नांगरांची गोष्ट अशी रंगवून सांगत होतात, आणि तुम्ही जिवंत होतात. मला तेवढंच पुरे होतं, अहो. मग बोलायचं राहून गेलं आणि भावजींचं येणं बंद झालं. हार्लेमचा पोरगा आला, तेव्हा म्हटलं, आता सांगते. माझ्या मुलीला पुढे याच घरात माहेरपणाला यायचंय. या घरात तिचा काका असायला हवा."

आईच्या तोंडून एवढं लांबलचक बोलणं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. लेंडर्टदादा सरकत सरकत तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याने तसं ठरवलं नव्हतं, असं तो अजून म्हणतो.

बाबा चित्राजवळ गेले. इतके जवळ की योस्टच्या तोंडून बारीक आवाज निघाला, कारण रंग पुरता सुकला नव्हता. ते आपल्या जहाजाकडे बघत होते असं आम्हाला वाटलं. ते त्या कुऱ्हाडीच्या माणसाकडे बघत होते. आम्ही वाट बघत होतो. त्या दिवशी नावं ठेवायची बंदी, आणि कौतुक तर ते करणं शक्यच नाही, मग हा माणूस बोलणार काय?

"टोपी चुकली आहे," बाबा म्हणाले.

योस्टला कळलं नाही. त्याने विचारलं, कुठली टोपी?

"याची. तपकिरी नव्हती. लाल होती. मोठा गोंडा होता तिला."

योस्ट म्हणाला, काकूंनी सांगितलं होतं की बांधावरून टोपीचा रंग दिसला नाही. आणि तो एवढं बोलला तेव्हा खोलीतल्या एकेकाच्या डोक्यात उजेड पडायला लागला. बांधावरून नाही दिसला. त्या बर्फात टोपीचा गोंडा दिसायचा तर एका जहाजावरून दुसऱ्यावर दोर फेकता येईल एवढं जवळ असावं लागतं. आणि जो हातभरही हलला नाही, तो एवढा जवळ आला कसा?

काका हळूच वळला. "दादा. तू बघितलंस मला?"

"बघितलं."

"मला वाटायचं, तुला बर्फात दिसलंच नसेल. म्हणून तर मी तुझ्यावर कधी रागावलो नाही. माणसाला जे दिसलंच नाही ते तो कबूल कसं करेल? बायकोलाही हेच सांगायचो." काकाचा आवाज फुटला. "आता मात्र मी रागावलोय."

"रागाव," बाबा म्हणाले. त्यांच्या दाढीत पाणी उतरत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "जहाज तुझं गेलं आणि लोक माझ्या नांगरांचं कौतुक करायला आले, सिब्रांट. पहिल्या दिवशी हो म्हणालो. मग रोज हो म्हणावं लागलं. तू रागाव. उद्याही ये आणि रागाव. रोज ये."

काकाने हातातला पेला डुकराच्या शिडीवर ठेवला आणि बाबांच्या खांद्यावर एक सणसणीत बुक्की घातली. बाबा लटपटले. दुसरी बुक्की घालायला त्याने हात उचलला आणि तो तसाच त्यांच्या मानेभोवती गेला. दोन दांडगे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून हमसून रडताना मी पहिल्यांदा बघत होते. गाव बिचारं डुकराकडे बघायला लागलं, चरबीचं पुन्हा नव्याने कौतुक करायला लागलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून लिस्बेत आत्याने डोकं बाहेर काढलं, कोपरापर्यंत मांसात बुडालेली, आणि ओरडली की वाउटरने, म्हणजे बाबांनी, टोपीला नावं ठेवली आहेत, मी स्वतः ऐकलंय, त्याला आत पाठवा. सगळ्या खोलीत हशा फुटला. बाबा नाक पुसत म्हणाले, खरं आहे, नावं ठेवली. आईने त्यांना एप्रन बांधला. तो पोटावर पुरेना, तेव्हा मागे दोरीचा तुकडा जोडावा लागला. काकाने हे सगळं बघितलं, मग चित्राकडे वळून मोठ्या गांभीर्याने जाहीर केलं की आभाळ फार मोठं काढलंय. आणि स्वतःच्या पायाने आत गेला. हे त्याने मुद्दाम केलं हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

स्वयंपाकघरात दोघे भाऊ एका बाकावर बसून आतडी भरत होते. एक धरायचा, दुसरा ढकलायचा, आणि दोघांनाही ते काम येत नव्हतं. आत्या डोक्यावर उभी राहून शिव्या देत होती आणि मध्येच डोळ्याला कोपर लावत होती. योस्ट आणि नेलताई दारात येऊन उभे राहिले. आत यायची त्यांची हिंमत होईना. त्यांचा निकाल तर अजून लागलाच नव्हता. योस्टने घसा साफ करून सांगितलं की कप्तान, तुम्ही सांगितलं तसं मी काढलं नाही, ते मला कबूल आहे, होडी सकाळी सुटते तीही मला माहीत आहे.

बाबांनी मान वर केली नाही. "मी काय म्हणालो होतो?"

"तुमचं वादळ काढ, म्हणालात."

"मग? दुसऱ्या कोणाचं काढलंयस?" बाबांनी एक गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली. "रविवारी चर्चमध्ये लग्नासाठी तुमची नावं पहिल्यांदा पुकारायला सांगतो. तिसऱ्या रविवारी पुकारून झाली की लग्न. साक्षीला काका लागतो. सिब्रांट, आहेस ना?"

"आहे," काका म्हणाला, आणि आतडं फुटलं.

नेलताई धावत गेली आणि दोघांच्याही गळ्यात एकदमच पडली. तिच्या झग्याचा सत्यानाश झाला. योस्ट दारातच उभा होता, रडत होता, आणि मी त्याला ढकलत होते की अरे वेड्या, आत जा, तुझं लग्न ठरलंय.

संध्याकाळी गाव घरी गेलं. योस्टने बोटभर लाल रंग कालवून ती टोपी रंगवली आणि चित्र शेकोटीच्या वरच्या भिंतीवर टांगलं. आत्या आणि काका सॉसेजला मोहरीची चटणी लावून खात वाद घालत बसले. बाबा चित्रासमोर उभे होते. ते खालच्या कोपऱ्याकडे बघत होते, बांधाच्या ओल्या मेखांकडे. तिथे माणूस नव्हता. बघणारा जिथे उभा असतो ती जागा चित्रात कशी येणार?

आई ताटं उचलायला आली, तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं.

"डिउवर, त्या दिवशी तू तिथे किती वेळ उभी होतीस?"

हे त्यांनी तिला आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं होतं. आईने ताटं खाली ठेवली.

"तुमचं जहाज थांबेपर्यंत," ती म्हणाली.